दळणाचा डबा

बाईचा हात हातात आला की तिच्या घरातलं निम्मं मला कळतं. ही फुशारकी नव्हे, धंदाच तसा आहे. विट्यात आमचं बांगड्यांचं दुकान सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. दुकानात नवरा बसतो, आणि मी पेटी घेऊन बाहेरचं बघते: कडेगावचा बाजार, आसपासच्या गावांतली लग्नं, डोहाळजेवणं. डॉक्टर सोडला तर परक्या बाईचा हात इतका वेळ धरून बसायची मुभा आम्हालाच, आणि डॉक्टरला नेहमी घाई असते. मी पंजा दाबते, अंगठ्याचं हाड आत घेते, "हात सैल सोड गं बाई, म्या काय खात न्हाई," असं म्हणते, ती हसते आणि तेवढ्यात बांगडी चढते.

काच कशी फुटली ते मनगट सांगतं. बादलीला नाहीतर पाट्याला आपटून फुटली, तर ओरखडा वरच्या बाजूला असतो. हात धरून पिरगळला, तर काच आतल्या बाजूला, शिरांच्या जवळ रुतते. आमच्याकडं बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. बायका म्हणायच्या, "चाची, वाढल्या बगा सगळ्या," आणि मी म्हणायचे, "मग भरूया की." ना त्या पुढं बोलायच्या, ना मी विचारायचे.

शेवटची बांगडी चढली की बाई भरणारीला वाकून नमस्कार करते. रीतच आहे ती. मी मुसलमान, ती हिंदू, याचा त्यात कधी संबंध आला नाही. ती वाकली की मी म्हणायचं, "चुडा अखंड ऱ्हाऊ दे." म्हणजे तुझा नवरा जगू दे, तुझ्या हातातला हिरवा रंग जाऊ नये. सासूबाईंनी मला हात दाबायला शिकवलं, त्याच दिवशी हे वाक्यही शिकवलं होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला कापलेलं दिसलं तरी मी तेच म्हणायचे आणि पुढचा हात घ्यायचे. अशी वीस-बावीस वर्षं गेली.

मग एका बाजारच्या दिवशी कडेगावात एक ताई माझ्यासमोर येऊन बसल्या. सांगलीच्या, शिकलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, हातात एकही बांगडी नाही. मला वाटलं, हे काही गिऱ्हाईक नव्हे, कसला तरी सर्व्हे असणार. दोन तास बसल्या. हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, आणि उठता उठता हळूच म्हणाल्या, "मघाच्या त्या बाईचं मनगट तुम्ही पाहिलंत. काही बोलला नाहीत."

मला असा राग आला! म्हटलं, "बोलून काय करू? तुमी न्हेताय का तिला तुमच्या घरी?"

"हो," त्या म्हणाल्या. "नेतो आम्ही."

विट्यात शिलाई मशीनच्या दुकानावर त्यांचं केंद्र होतं. एक खोली, टेबल, माठ आणि दारात चपला ठेवायला फळी. दर गुरुवारी एक वकीलबाई यायच्या. सांगलीत निवारा होता, तिथं बाईला मुलांसकट काही दिवस राहता यायचं. आणि एक जीप होती, कुठल्याही गावाला फोन आला की तासाभरात पोचणारी. हे सगळं परदेशातून येणाऱ्या मदतीवर चालायचं. मला ते माहीत होतं, पण आपल्या घरात कोयनेची वीज येते हे माहीत असावं तसं. बटण दाबलं की दिवा लागायचा.

माझं काम एवढंच, की हात बघायचे, आणि गरज दिसली तर हळूच केंद्राचा नंबर सांगायचा. त्याबद्दल थोडंफार मानधन मिळायचं आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. गळ्यात काय अडकवणार! मी ते पेटीत वर ठेवायचे, म्हणजे झाकण उघडलं की आधी माझाच फोटो दिसायचा. नवरा चिडवायचा, "आता कलेक्टरीणबाई बांगड्या भरणार." मला त्याचं बरंच वाटायचं.

ताईंनी माझ्यातली एकच गोष्ट बदलायला लावली. म्हणाल्या, "चाची, ज्या माणसानं हात पिरगळला, त्याच्याच आयुष्याचा आशीर्वाद तुम्ही तिला देता?" मी भांडले. रीत हाय, म्हटलं, न्हाई म्हटलं तर बायका दारात उभं करणार न्हाईत. पण तो प्रश्न डोक्यातनं जाईना. शेवटी मी माझ्यापुरतं ठरवलं, की अशा बायकांना म्हणायचं, "हात सुखात ऱ्हाऊ दे." कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एकदा परदेशातली एक बाई केंद्र बघायला आली. तिला बांगड्या भरून घ्यायच्या होत्या. तिचा पंजा एवढा मोठा की माझ्या पेटीतली सगळ्यात मोठी बांगडी अंगठ्यापाशीच अडली, आणि आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. मग तिनं ताईंकरवी मला विचारलं, तुम्ही हे काम का करता? मी त्या दिवसापुरतं गळ्यात घातलेलं ओळखपत्र सरळ केलं आणि म्हणाले, "आमी हाय तवर एका बी बाईला एकटी पडू देणार न्हाई." ताईंनी ते इंग्रजीत सांगितलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. तो फोटो अजून माझ्याकडं आहे, आणि आता बघवत नाही.

आता त्या बाईचं सांगते, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

विट्याहून कडेगावला जाताना रस्त्याकडेला एक गाव लागतं. तिथल्या एका घरची ती थोरली सून. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवाल्यांची, म्हणजे घरचे पुरुष कुठंतरी लांबच्या शहरात सोनं गाळायचं दुकान टाकून बसलेले. हिचा नवराही तसाच, दक्षिणेत. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला यायचा. घर दुमजली, दारात तुळस, फरशी चकचकीत. घरात सासू, धाकटा दीर, आणि हिची सात वर्षांची मुलगी. नवरा नसायचा तेव्हा ही बाई दळायची, शिजवायची, म्हशीचं करायची आणि गप्प असायची. तो यायचा आणि पंधरा दिवसांत वर्षाचं उट्टं काढून जायचा. तिचं माहेर आटपाडीकडं. भावानं दोनदा स्वतः आणून सोडलं होतं, "नांदाय पायजे बया," म्हणत.

तिचा हात नाजूक, दोन-चारच्या मापाचा. आमच्या धंद्यात ते लहान माप. तिच्या हातात बांगडी अशी जायची की मला दाबावंही लागायचं नाही. तो येऊन गेला की सासूचा निरोप यायचा, "सुनंच्या बांगड्या वाढल्यात." मी जायचे. मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक पांढऱ्या रेषा होत्या, जुन्यावर नव्या. पहिल्या वर्षी मी नुसतीच बघत राहिले. दुसऱ्या वर्षी, सासू चहा ठेवायला आत गेली तेव्हा, नंबर सांगितला. तिनं तो लिहून घेतला नाही. ओठांतल्या ओठांत चारदा म्हणाली आणि पाठ केला.

तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता. सासूचा बटणाचा फोन तेवढा होता, तोही सासूच्या कमरेला. बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून ठरलं की तीन रिंगा द्यायच्या, कापायच्या आणि नंबर पुसून टाकायचा. इकडून उलटा फोन करायचा नाही. तीन रिंगा आल्या की जीप निघेल आणि गावाबाहेर, पिठाच्या गिरणीच्या वळणावर थांबेल. केंद्राच्या फोनमध्ये मी सासूचा नंबर 'दळण' या नावानं ठेवला.

गिरणीचं डोकं माझं. ताई म्हणत होत्या की बाईनं पिशवी घेऊन निघावं. मी म्हटलं, पिशवी घेतलेल्या सुनेला चार जण विचारतात, दळणाचा डबा घेतलेल्या सुनेला कुणी विचारत नाही. डब्याच्या तळाला आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला, तिचे दोन फ्रॉक. त्यावर फडकं आणि वर चार बोटं गहू. ताईंनी मला शाबासकी दिली. त्या बाईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यासमोर हसली.

"आनि गिरणीत दिलंच न्हाई, तर पीठ कुठनं आणू चाची?"

"परत यायचंच न्हाई, तर पीठ कशाला लागतंय गं?"

दोघीही हसलो. मुलीची वार्षिक परीक्षा होऊ दे, म्हणाली, त्याच्या मागोमाग जत्रा येते, जत्रेला तो यायच्या आत निघते. एवढंच तिचं ठरलेलं होतं, आणि ते माझ्याशी बोलून ठरलेलं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं. आमचा हंगाम. एका दुपारी ताईंचा फोन आला, जरा येऊन जा. वर गेले तर त्या कपाटातल्या फाइली खोक्यात भरत होत्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, तिकडच्या सरकारनं बाहेरच्या देशांना द्यायची मदत थांबवली. नवीन कामं तर नाहीच, चालू आहेत तीही आजच्या आज थांबवा, असं पत्र आलंय. मी म्हटलं, असं कसं थांबवतात? जीप गावात बाईला आणायला गेली असली तर अर्ध्या वाटेतनं माघारी बोलवायची का? त्यांनी पुढची फाइल खोक्यात टाकली. निवाऱ्यात तेव्हा दोघी होत्या. त्यांना त्याच आठवड्यात नातेवाइकांकडं पोचवलं. त्यातली एक त्या नातेवाइकांकडूनच पळून आली होती. जीप गेली, वकीलबाई यायच्या थांबल्या, पाटी काढली, आणि भिंतीवर पाटीएवढा स्वच्छ चौकोन राहिला.

सांगलीला परत जायच्या आधी ताईंनी केंद्राचा फोन माझ्या हातात दिला. "चाची, ज्यांना ज्यांना तुम्ही नंबर दिलाय, त्यांना प्रत्यक्ष जाऊन सांगा की आपलं केंद्र बंद झालं. सरकारी मदतीचा नंबर द्या. एकीलाही अंधारात ठेवू नका. कुणाचा फोन आलाच तर निदान उचलायला कुणीतरी हवं." एवढं एकच काम मला सांगितलं होतं.

मी गेले. बहुतेकींना सांगितलं. एकीनं मलाच पाणी दिलं, म्हणाली, तुमी तरी काय करणार चाची. एकीनं दार लावून घेतलं. पुढच्या दाराशी पोचेपर्यंत माझी चाल मंदावायची. सगळ्यांत शेवटी मी या घरी गेले, आणि शेवटी ठेवलं तेही मुद्दाम.

सासू ओसरीवर होती. मी बांगड्या दाखवल्या, तिळगूळ खाल्ला. सासू शेजारणीला हाक मारायला बाहेर गेली, आणि ती सून माझ्याजवळ बसली. वेळ मिळाला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. चांगला वेळ मिळाला होता.

"चाची, फोन चालू हाय न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय. हाय की."

का म्हणाले? किती वेळा स्वतःला विचारलं. ताई म्हणाल्या होत्या, कदाचित काही महिन्यांनी मदत पुन्हा सुरू होईल, त्या आशेवर मी बोलले, असं बरेच दिवस नवऱ्याला सांगत होते. ते खरं नाही. मला लाज वाटली. एवढं छातीला हात लावून सांगितलेलं, आमी हाय, आमी हाय, आणि आता कुठल्या तोंडानं म्हणू की आम्ही कधी नव्हतोच, कुणीतरी लांब बसलेलं होतं आणि ते उठून गेलं? तिच्या नजरेत माझी जी किंमत होती ती मला गमवायची नव्हती. परीक्षेला अजून दोन महिने होते, तोवर येऊन सांगू, असं मनाशी म्हणत मी पेटी उचलली आणि निघाले. ते दोन महिने लग्नसराईत गेले.

फोन आला त्या दिवशी कडेगावचा बाजार होता. एका मोठ्या घरचं वऱ्हाड नवरीला घेऊन चुडा भरायला आलं होतं. नवरीचा हात माझ्या हातात, बाजूला तिची आई, आत्या, मावश्या, सगळ्या एका वेळी बोलणाऱ्या. दुपारचे तीन वाजले असतील. पेटीत बांगड्यांच्या खोक्यांमध्ये तो फोन ठेवलेला होता. तीन रिंगा वाजल्या आणि थांबल्या. मी झाकण उचललं. 'दळण'.

मी झाकण खाली केलं.

आमचा टेम्पो वीस पावलांवर उभा होता. चालवायला नवरा होता. ती गिरणी तिथून अर्ध्या तासावर. मला सगळं ठाऊक होतं. ती आता डबा डोक्यावर घेऊन, मुलीचं बोट धरून, वळणावर येऊन थांबणार. जीप नाही हे तिला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असणारी त्या तालुक्यात मी एकटीच.

मनात आलं, नेऊन ठेवू कुठं? निवारा नाही. माझ्या घरी? आणि मग ते आलं, जे मी आजवर कुणाला बोलले नाही. जीपवर संस्थेची पाटी होती तोवर ते संस्थेचं काम होतं. आता पाटी नव्हती. आता मुसलमानाच्या टेम्पोतून गलाईवाल्याची सून निघाली, असं झालं असतं. आजकाल तेवढं पुरतं. दुकान, नवरा, मोहल्ला, सगळं डोळ्यांपुढं आलं. भीती खरी होती. पण भीतीला फोन करायला बंदी नव्हती. सरकारी नंबर माझ्याच चिठ्ठीवर, माझ्याच पेटीत होता. एक फोन लावून 'गिरणीच्या वळणावर एक बाई उभी आहे' एवढं सांगायचं होतं. तिथं नाव विचारतील, म्हणून मी तेही केलं नाही. ताईंनाही सांगितलं नाही, कारण मग आधीचं खोटं सांगावं लागलं असतं.

"चाची, हात दुकतोय माजा," नवरी म्हणाली. मी तिचा पंजा फार जोरात दाबून धरला होता.

मी चुडा भरला. नवरी वाकली. मी म्हटलं, "चुडा अखंड ऱ्हाऊ दे." पुन्हा तीन रिंगा आल्या. पण त्या घरून येणं शक्य नव्हतं, ती तर निघाली असणार. झाकण उचललं तर वेगळाच नंबर होता. तिनं वळणावरच्या कुणाकडून तरी फोन मागून घेतला असणार. मग तिसऱ्यांदा आल्या. ऊन उतरलं आणि रिंगा थांबल्या. बाजार उठल्यावर मी फोन बंद केला, त्यातलं कार्ड काढलं आणि रिकाम्या खोक्यात टाकलं. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "कुठं काय? दमले."

त्यानंतर मी हात बघायचे सोडून दिले. नजर काचेवर ठेवायची, मनगटावर नाही, हे जमतं, थोड्या दिवसांत सवय होते. त्या गावाच्या बाजूला मी फिरकले नाही. दोनदा बोलावणं आलं, दोनदा दुखण्याची सबब सांगितली. पेटीतलं ओळखपत्र काढून टाकलं.

गौरी-गणपती झाल्यावर त्या सासूचा दुकानात फोन आला. यंदाच लग्न होऊन आलेल्या धाकट्या सुनेचं डोहाळजेवण आहे, भाभीस्नी धाडून द्या, दुसरं कुणी नको. नवऱ्यानं माझ्यासमोरच होय म्हणून टाकलं.

घरात गडबड. धाकटी सून हिरव्या साडीत बसलेली, बायका गाणी म्हणत होत्या. मी तिला आधी भरल्या, मग एकेक करून घरातल्या सगळ्यांना. शेवटी थोरली आली आणि समोर बसून तिनं हात पुढं केला. मी न बघता दोन-चारचा डबा ओढला.

"दोन-चार आता चढत न्हाईत चाची," ती म्हणाली. "दोन-सहा बगा."

तेव्हा मला बघावंच लागलं. मनगटाचं हाड बाजूला जाऊन तसंच जुळलं होतं. एक गाठ वर आली होती. मी तो हात धरला, आणि जो हात आपोआप बांगडीत यायचा तो मला दाबावा लागला. ती ओठ आवळून बसली. गाणी चालू होती, म्हणून तिला बोलता आलं.

"त्या दिशी पाच वाजपत्तोर हुबी हुते. गिरणी बंद झाली. जीपच बिगडली आसंल, न्हवं?"

मी पुढची बांगडी घेतली.

"मग घरी आले. आत्यांनी डबा उगडला. पीठ न्हाई, खाली पोरीचं फ्रॉक." ती सासूच्या दिशेनं न बघता बोलत होती. "त्यो आदल्याच दिशी आलाता, जत्रंला. म्हनून तर फोन क्येला."

परत यावं लागलं तर पिठाचं काय, हा तिनं हसत विचारलेला प्रश्न होता, आणि मी तो हसण्यावारी नेला होता. एवढीशी गोष्ट. दोन किलो पीठ विकत घेऊन ठेवलं असतं तरी हा हात शाबूत राहिला असता.

मग ती आणखी खाली वाकली, बांगडी नीट करायचं निमित्त करून. "म्या डबा परत भरून आतल्या खोलीत ठिवलाय चाची. दिवाळीला त्यो यील, त्याच्या आदी निगते. नंबर पाठ हाय. त्योच हाय न्हवं?"

हे ऐकेपर्यंत मला वाटत होतं की ती मला शिव्या देईल. शिव्या मी सोसल्या असत्या. माझ्या हातात तीन बांगड्या होत्या, त्या खाली ठेवल्या.

"न्हाई," मी म्हणाले. "फोन बंद हाय. केंद्र बी बंद हाय. संक्रांतीलाच झालं. मी इथं बसून तुला खोटं बोलले." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून उरलेलंही सांगितलं. "जीप बिगडली नव्हती. जीप नव्हतीच. तुझ्या रिंगा माझ्याच पेटीत वाजल्या. मी बगितल्या."

तिनं मला नीट पाहिलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. "तवा तुमी कुठं हुता?"

"कडेगावला. बाजारात."

"काय करत हुता?"

"बांगड्या भरत हुते."

ती आपल्या हाताकडं बघत राहिली. मी सरकारी नंबराची चिठ्ठी काढली, घडी करून तिच्या तळहातात दाबली, आणि म्हणाले, यावर फोन कर, ते येतात. तिनं विचारलं, "ह्येच्यावर बोलाय लागतंय व्हय?" मी म्हटलं, होय, सांगावं लागतं, नाव, गाव. तिनं सासूच्या कमरेकडं एकदा बघितलं. मी म्हणाले, मी सांगते तुझ्या वतीनं, आजच सांगते. माझ्या 'सांगते'ला आता काय अर्थ होता! उरलेल्या तीन बांगड्या मी चढवल्या. ती उठली आणि आत निघाली.

"आगं ये!" सासू ओसरीवरून ओरडली. "नमस्कार कोन करनार भाभीस्नी? रीतभात हाय का न्हाई?"

सगळ्या बायकांनी वळून बघितलं. ती दारातच थांबली. मग माघारी आली, माझ्यासमोर गुडघे टेकले आणि पदर धरून वाकली, अगदी पायाला कपाळ लागेपर्यंत. नव्या बांगड्या फरशीवर वाजल्या. इतकं खाली वाकून तिनं कधी नमस्कार केला नव्हता. माझा हात तिच्या डोक्यावर गेला, आणि तोंडातून, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, मी थांबवायच्या आत, निघून गेलं.

"चुडा अखंड ऱ्हाऊ दे."

सासू म्हणाली, "आस्सं." थोरली उठली, आणि दळणाचा डबा ठेवला होता त्या आतल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.